सेवकरामच्या पाळीचं पाणी

कोसमबोडीत चंद्रकांताबाई लंजेचा आवाज ज्याने ऐकला नाही, तो एकतर बहिरा, नाहीतर कालच लग्न लागून आलेला जावई. तलावाच्या बांधावर उभी राहून तिने नाव पुकारलं की पार रस्त्यापलीकडे चिखल तुडवणारा माणूस मान वर करायचा. नाव पुकारायचं एकदाच. ज्याचं नाव, त्याने 'हाव', म्हणजे 'हो', म्हणायचं. 'हाव' आला की पाणी त्याचं. मग त्याने ते धानाला द्यावं, वांग्याला द्यावं, नाहीतर त्यात नुसते पाय बुडवून बसावं, कोणी विचारायचं नाही. 'हाव' आला नाही तर पाणी पुढच्याचं. दुसऱ्यांदा पुकारायची रीत नाही. तलाव बांधण्यात मुरलेल्या कोहळी समाजाच्या वाडवडिलांनी हा तलाव बांधला तेव्हाच ही रीत घातली, आणि तलावाला एखादी भेग पडली असेल, रीतीला पडली नाही.

एवढ्या शहाण्या वाडवडिलांना एकच गोष्ट सुचली नाही, ती म्हणजे पुढे इथून रस्ता जाईल. आणि तो नेमका मधून गेला! गाव आणि तलाव अलीकडे, धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, पलीकडे, दोन्ही बाजूंना जंगल, आणि मधून कोहमाऱ्याच्या धाब्यांवर जेवून ताजेतवाने झालेले ट्रक. रस्ता बांधणाऱ्यांनी पाटाच्या पाण्यासाठी खालून एक पाइप टाकला होता. म्हणजे पाण्याला जायला खालून वाट होती. माणसाने मात्र वरून, जीव मुठीत धरून जायचं.

चंद्रकांताचा नवरा सेवकराम गावचा पाणकर होता. तलावाच्या बांधात पाणी सोडायचं दार असतं, त्याला तुडुम म्हणतात. ते उघडायचं आणि पाळीपाळीने पाणी लावून द्यायचं, हे त्याचं काम. माणूस इतका सरळ की सख्ख्या भावालाही पाळीआधी चूळ भरायला पाणी देणार नाही. एकोणीसशे नव्याण्णवचा दसरा जवळ आला होता. धान पोटरीला आलेला आणि पावसाने तोंड फिरवलेलं. सकाळी उजाडता उजाडता सेवकरामने तुडुम उघडलं, फावडं खांद्यावर टाकलं आणि पाणी कुठवर पोचलं ते बघायला तो रस्ता ओलांडू लागला. ट्रक थांबलासुद्धा नाही. पाणी खालच्या पाइपातून सुखरूप पलीकडे गेलं.

घरात सुतक, तेरवी व्हायची होती, आणि इकडे बांधावर नुसता कालवा! कोण म्हणतो माझी पाळी, कोण म्हणतो तुझी काल झाली. जो तो रात्री जाऊन पाट फोडायला लागला. चंद्रकांता घरात बसून सगळं ऐकत होती. एके सकाळी ती उठली, दाराशी ठेवलेलं सेवकरामचं फावडं उचललं आणि तशीच तुडुमावर जाऊन उभी राहिली. सेवकरामचा चुलतभाऊ केशोराव गावात वजनदार माणूस. तो पुढे झाला.

"वयनी, तुमी घरी जा. बाईमानूस पाळी लावते का कधी?"

"तं तुमी लावा ना, भाऊजी. चार दिसापासून लावूनच राहिले ना? कोनाची बांधी भिजली, सांगा बरं."

कोणाचीच भिजली नव्हती. केशोरावाने खाली बघितलं आणि चंद्रकांताने नावं पुकारायला सुरुवात केली. एकेक 'हाव' यायला लागला, भांडणं विझली. मग आली तिच्या स्वतःच्या घराची पाळी, आणि बाई थबकली. नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल लाजत, तेवढंच. बायांनी तोंडाला पदर लावले. केशोराव हळूच म्हणाला, "पोराचं नाव घ्या ना, वयनी." पण पाळी पोराची नव्हती, सेवकरामची होती. तिने छातीभर श्वास घेतला आणि हाक मारली, "सेवकराम!"

ती हाक पलीकडे जंगलात जाऊन परत आली म्हणतात. मग बांधीतून तिच्या पोराचा, भुवनेश्वरचा, नुकता फुटायला लागलेला घोगरा आवाज आला, "हाव!" चंद्रकांता तिथेच बांधावर बसली आणि मनसोक्त रडली. रडून झाल्यावर उठली आणि पुढचं नाव पुकारलं. त्या दिवसापासून गावची पाणकरीण तीच, आणि घराची पाळी सेवकरामच्याच नावाची राहिली.

दिवसाला दिवस लागत गेले. भुवनेश्वर कर्ता झाला, योगेश्वरी सून म्हणून घरात आली. चंद्रकांताच्या मनात मात्र एकच गोष्ट ठाण मांडून बसली होती: या रस्त्यावर आपल्या गावचं आणखी माणूस जाता कामा नये. धानाच्या रोवणीला बायका निघाल्या की ती रस्त्याच्या कडेला हात आडवे करून उभी राहायची आणि ट्रकवाल्यांना अशा शिव्या घालायची की त्यांनी कोहमाऱ्यापर्यंत कानात बोटं घालून जावं.

मग रस्ता चौपदरी होणार अशी बातमी आली. दोन्हीकडून झालाही, मधल्या जंगलात मात्र घोडं अडलं. हे जंगल म्हणजे दोन अभयारण्यांमधली ये-जा करायची वाट. वाघ, रानगवे, चितळं, रानकुत्री, सगळ्यांचा राबता. परवानगीची फाइल नागपूर, मुंबई, दिल्ली अशी तीर्थयात्रा करत फिरायला लागली. आणि इकडे झालं काय? रुंद रस्त्यावरून उधळलेली गाडी जंगलाच्या तोंडाशी अरुंद रस्त्यावर यायची, ती वेग कमी न करताच. कोसमबोडीच्या लोकांच्या तर नाकी नऊ आले.

रस्त्याचे इंजिनीयर योगराज पटले एकदा गावात आले. माणूस याच भागातला, बोदलकशाकडचा, शेतकऱ्याच्याच पोटचा. चंद्रकांताने त्यांना चहा पाजला आणि सरळ सांगितलं, "साहेब, मोठा रोड कराच. पन आमाले खालून जायले एक बोगदा द्या."

पटले साहेबांनी कपाळाचा घाम पुसला. "बाई, मले का समजत नाई? माह्याही घरच्या बांध्या हायेत. पन या जंगलाच्या पट्ट्यात गावासाठी बोगदा मंजूर नाई. इथं जे बोगदे होतीन ते जनावराइसाठी."

"म्हंजे माहा मानूस चितळ असता, तं बोगदा झाला असता?"

साहेबांचा चहा तसाच राहिला.

त्याच हिवाळ्यात नागपूरहून रीता बोरकर नावाची मुलगी आली. जनावरं कुठून रस्ता ओलांडतात ते बघून अहवाल लिहायचा, हे तिचं काम. त्या अहवालावर बोगद्यांच्या जागा ठरणार होत्या. तिने झाडांना कॅमेरे बांधले आणि मुक्कामाला खोली बघितली ती चंद्रकांताच्याच घरी. पोरगी गुणी. सकाळी जंगलात जायची, दुपारी योगेश्वरीबरोबर हसत खिदळत भाकरी खायची. तिच्या बोलण्यातून कळलं की जनावरं गावापासून बरीच पुढे, नाल्याजवळून जातात. गावच्या वाटेवर काही नाही. कुत्री असतात, माणसं असतात, जनावर येईल कशाला?

चंद्रकांता त्या दिवशी दिवसभर गप्प होती. आणि बाई गप्प बसली की समजावं, डोक्यात काहीतरी शिजतंय. कोहळ्याची लेक ती. जनावर माणसाचं ऐकत नाही, पण पाण्याचं ऐकतं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

उन्हाळा लागला, नाला आटला. चंद्रकांताने तुडुमातून जरासं पाणी मोकळं सोडलं, पाटाने पाइपातून पलीकडे काढलं आणि आपल्या गावच्या वाटेशेजारी, रस्त्याला लागून जो खोलगट डबरा होता, त्यात नेऊन भरलं. गावाला ताकीद दिली, "दिवस मावळल्यावर तिकडे कोनी फिरकाचं नाई. कुत्रे बांधून ठेवा." लोकांनी ऐकलं. पाणकरिणीचं कोण ऐकणार नाही?

आणि आली की जनावरं! आधी डुकरं, मग चितळं. अलीकडच्या जंगलातून रस्ता ओलांडून डबऱ्यावर जायला लागली. चंद्रकांताने कॅमेरा बांधायला जागाही दाखवली. रीता फोटो बघून चकित. गावात तर आनंदीआनंद, जणू पोरगी बघायला पाहुणे आले आणि पसंत करून गेले! बोगदा आता आपल्याच वाटेवर येणार. केशोरावाने सगळ्यांना पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

एका सकाळी चंद्रकांता पाणी बघायला गेली, तर रस्त्यावर चितळाची मादी पडलेली. पोटुशी होती. पाय अजून हलत होते. जागा तीच, जिथे सेवकराम पडला होता. चंद्रकांता तिच्याशेजारी बसली. तिच्या तोंडाला लावायला डबऱ्यातून ओंजळीने पाणी आणलं, पण ते पिणार कोण? सेवकराम गेला तेव्हा तिने ट्रकवाल्याला शिव्या दिल्या होत्या. आज तिला कोणाला शिवी देता येईना. पाणी तिने वळवलं होतं.

ती तशीच घरी आली आणि चूल पेटवत असलेल्या रीतासमोर उभी राहिली.

"पोरी, ते जनावरं आपल्या मनानं नाई आले. मी पानी लावून बलावले. बोगदा पाह्यजे होता मले. एक मेली आता, रोडवर."

रीता ताडकन उठली. "काकू, काय केलंत हे? मी अहवालात लिहायला बसले होते की वाट हीच! तुम्ही मला खोटं पाडलं असतं, आणि ती जनावरं रोज मेली असती!"

"मेली असती. मालूम हाय मले. म्हनून सांगून राहिली ना."

रीता दिवसभर घुश्श्यात होती. भाकरीलाही हात लावला नाही. संध्याकाळी ती स्वतःच मृत मादीच्या जागेवर जाऊन आली, आणि तिथे सेवकरामच्या नावाने ठेवलेला शेंदूर लावलेला दगडही तिने पहिल्यांदाच नीट पाहिला. परत आली तेव्हा राग ओसरला होता.

"काकू, खरं तेच लिहीन. नाल्यावर बोगदा हवाच, त्यात तडजोड नाही. पण जनावरं पाण्याला वळतात हेही खरं आहे. तुमच्या वाटेवर दुसरा बोगदा मागता येईल. दिवसा गाव वापरेल, दिवेलागणीपासून सूर्य वर येईपर्यंत जनावरं. अट एकच. डबऱ्याला पाणी दर उन्हाळ्यात द्यावं लागेल. एक उन्हाळा चुकला तर जनावरं सैरभैर होऊन पुन्हा वरूनच जातील. मग वनखातं तुमची वाट बंद करेल, आणि मी त्यांच्या बाजूने उभी राहीन. देणार का शब्द?"

"मी देईन. पन गावानं बी द्याले पाह्यजे."

ग्रामसभा भरली. केशोरावाने खणखणीत आवाजात ठराव मांडला की दर उन्हाळ्यात डबऱ्याला पाणी गाव देईल, आणि सगळ्यांनी हात वर केले. हात वर करायला काय लागतं! डबरा बोगदा होईपर्यंत बंद ठेवला. फाइल पुन्हा तीर्थयात्रेला गेली, ती मधेच कुठे मुक्कामाला राहिली देव जाणे. पटले साहेब निरोप पाठवायचे, "बाई, आज इथं हाय, उद्या तिथं हाय." गावाने आशा सोडली, चंद्रकांताने सोडली नाही. ती रस्त्याच्या कडेला हात आडवे करून उभी राहतच होती.

शेवटी परवानगी आली, रस्ता वर उचलला गेला आणि खालून दोन बोगदे झाले, एक नाल्यावर, एक कोसमबोडीच्या वाटेवर. गावचा बोगदा उघडला त्या दिवशी बैल आत जायला तयार होईनात. आवाज घुमायचा ना! केशोरावाने शेपट्या पिळल्या, काही उपयोग नाही. तेव्हा चंद्रकांता एकटीच आत शिरली. वरून ट्रक धडधडत गेला आणि ती मधोमध थांबली. डोक्यावर हात नेऊन तिने वरचं गार सिमेंट चाचपायला बघितलं, हात पोचला नाही. इतकं उंच केलं होतं, रानगव्याला पुरेल असं. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. एवढीशी गोष्ट आधी झाली असती तर? तिच्यामागून बैलही आले.

पुढची काही वर्षं सगळं सुरळीत चाललं. दिवसा बैलगाड्या, शाळेची पोरं, डोक्यावर पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या घेतलेल्या बाया. सकाळी बोगद्याच्या मातीत चितळाचे खूर, कधी अस्वलाचा पंजा. गावची पोरं ते वाचून काल कोण आलं होतं हे सांगायला शिकली. रस्त्यावर गावचं कोणी जिवानिशी गेलं नाही.

आणि मग पाऊस रुसला. त्या वर्षी तलाव निम्मासुद्धा भरला नाही. माघात बांधावर बैठक बसली, उन्हाळी धानाला पाणी कोणाला किती द्यायचं ते ठरवायला. लोकांनी आशेने पऱ्हे टाकून ठेवले होते. केशोरावाचेही होते, आणि ते पिवळे पडायला लागले होते.

"हे पाहा," केशोराव म्हणाला, "यंदा डबऱ्याले पानी नाई. मानसाले पुरत नाई, तं जनावराइले कुठून द्याचं? बोगदा तं झाला ना आता. कोन पाहाले येते?"

"भाऊजी, ठराव तुमीच मांडला होता."

"तवा पाऊस होता ना, वयनी!"

बरोबरच होतं त्याचं. केशोराव काही वाईट माणूस नव्हता. पिवळे पडणारे पऱ्हे रोज बघितले की माणसाला दिलेला शब्दही लांबचा वाटायला लागतो. एकेक जण मान हलवायला लागला. चंद्रकांताला समोर दिसत होतं ते वेगळंच: कोरडा डबरा, भटकणारी जनावरं, रस्त्यावर पडलेली ती मादी, मग बोगद्याला फाटक, आणि शाळेची पोरं पुन्हा रस्त्याच्या कडेला उभी. ती म्हणाली, "ठीक हाय. गावाचं पानी गावाले. डबऱ्याले सेवकरामच्या पाळीचं जाईन."

त्यावर हरकत घ्यायला जागाच नव्हती. ज्याच्या पाळीचं पाणी, त्याच्या मर्जीचं.

घरी मात्र भुवनेश्वरने थाळी सरकवली. त्याचे पऱ्हे गावात सगळ्यात हिरवे होते. योगेश्वरीने हंड्याहंड्याने पाणी घालून जगवलेले. "माय, त्या रोडनं माह्या बापाले मारलं. आता बापाची पाळी जनावराइले देऊन राहिली तू? आमी का खावाचं? दगड?"

"पोटापुरतं हाय ना रे घरात."

"पोटापुरतं! मी कायले राबून राहिलो मंग?"

त्याचं खरं होतं, आणि ते चंद्रकांताला पुरेपूर कळत होतं. तिने थाळी पुन्हा त्याच्यापुढे सरकवली आणि एवढंच म्हणाली, "पाळी तुह्या बापाची, पन हाव तूच म्हनत आला. तू नको म्हनशीन, तं पानी केशोभाऊजीचं. मी दुसऱ्यांदा पुकारनार नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रकांता तुडुमावर उभी राहिली. बांध्यांत माणसं फावडी घेऊन तयार. तिने एकेक नाव पुकारलं, एकेक 'हाव' आला. केशोराव आपल्या बांधीत उभा होता, पण तिच्या नजरेला नजर देत नव्हता. सेवकरामच्या पुढची पाळी त्याचीच होती. 'हाव' आला नाही, तर दोन पाळ्यांचं पाणी त्याला मिळून त्याचे पऱ्हे वाचणार होते, आणि त्यात त्याचा काय दोष?

तिने श्वास घेतला. पहिल्या दिवशी घेतला होता, तसाच.

"सेवकराम!"

भुवनेश्वर रस्त्यापलीकडे आपल्या बांधीच्या तोंडाशी उभा होता. पायाशी हिरवेगार पऱ्हे. तो काही बोलला नाही. वरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज विरला, तरी तो गप्प. चंद्रकांताच्या ओठांवर ते नाव पुन्हा आलं. तिने ते गिळलं. मग तिने केशोरावाकडे तोंड वळवलं आणि त्याचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

"हाव!" पलीकडून आलं. घोगरं, चिडलेलं, पण सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं.

भुवनेश्वरने फावडं उचललं. आपल्या बांधीच्या तोंडाशी चिखलाचा गोळा दाबून ते बंद केलं आणि पाट डबऱ्याकडे फोडला. योगेश्वरीने पदर खोचला, ती वाकली आणि आता इथे पाण्यावाचून वाळणारे पऱ्हे उपटायला लागली. बापाच्या पाळीचं पाणी गढूळ होत डबऱ्यात शिरलं. भुवनेश्वर ते बघत उभा राहिला. मग त्याने बायकोने बांधलेल्या पेंढ्या उचलल्या आणि केशोरावाच्या बांधीत नेऊन टाकल्या.

"घ्या, काका. तुमचे पिवळे झाले. हे लावा."

केशोरावाने नुसता भुवनेश्वरच्या खांद्यावर हात ठेवला. बांधावर चंद्रकांताने पदराने डोळे पुसले, आणि पुढची पाळी ज्याची, त्याला हाक मारली.

"केशोराव!"